मॉडेल कारची तकाकी: घासाई, पॉलिश आणि वॅक्स

शेवटचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) वाळला की बहुतेकांचा हात थेट वॅक्सच्या डबीकडे जातो. वॅक्स चोळल्यावर गाडी चमकतेही, पण ती चमक हातभर लांबूनच खरी वाटते. गाडी डोळ्यांजवळ घ्या आणि टपावर पडलेलं ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. त्याची कड सरळ दिसण्याऐवजी तुटक आणि लाटालाटांची दिसली, तर कितीही वॅक्स घातलं तरी ती सरळ व्हायची नाही. तकाकी येते ती पृष्ठभागाच्या सपाटपणातून. उंचसखल पृष्ठभागावरून प्रकाश चारी दिशांना विखुरतो, सपाट पृष्ठभागावरून तो एका दिशेने परततो. वॅक्सचं काम त्यानंतरचं आणि मर्यादित आहे.

मॉडेलच्या बाबतीत हे आणखी कडक लागू होतं. खऱ्या गाडीच्या रंगावरही सालपटासारखा बारीक पोत असतोच, ज्याला सगळे ऑरेंज पील म्हणतात. पण स्प्रेमधून उडणारे रंगाचे थेंब काही गाडीच्या मापाने लहान होत नाहीत. तोच पोत १:२४ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याच्या मापाच्या गाडीवर आला, तर त्या मापात तो चोवीस पट मोठा ठरतो. म्हणून खऱ्या गाडीवर खपून जाणारा पोत मॉडेलला लगेच खेळण्याची कळा आणतो.

रंग खरोखर वाळलाय का?

बोटाला चिकटत नाही म्हणजे रंग वाळला असं नाही. लॅकर वरून तासाभरात कोरडा होतो, पण आतल्या थरांतलं थिनर कित्येक दिवस हळूहळू बाहेर पडत असतं आणि तसतसा थर आकसत जातो. या काळात घासून, पॉलिश करून गाडी तयार केली, की नंतर प्लास्टिकवरचे जुने चरे आणि पुट्टीच्या कडा रंगातून वर डोकावू लागतात. केलेली मेहनत तेव्हा डोळ्यांदेखत मावळते.

सगळ्यात भरवशाची कसोटी नाकाची. बॉडी अर्धा तास एखाद्या बंद डब्यात ठेवा, झाकण उघडून लगेच वास घ्या. थिनरचा वास येत असेल तर थांबा. स्प्रे कॅनच्या लॅकरला मी किमान आठवडा देतो, थर जाड असेल तर दोन. इनॅमल मुळात वेगळ्या पद्धतीने वाळतं: हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ते हळूहळू कडक होत जातं, त्यामुळे त्याला तीन-चार आठवडे दिलेले बरे. टू-के युरेथेन क्लिअर (दोन भाग मिसळून वापरायचं) त्यातल्या हार्डनरमुळे एक-दोन दिवसांत घासण्याजोगं होतं आणि त्याची तकाकी अप्रतिम असते. मात्र त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते श्वासावाटे गेलं तर फुप्फुसांना कायमचा त्रास जडू शकतो. योग्य रेस्पिरेटर आणि हवा बाहेर ओढणारा बूथ नसेल, तर टू-केच्या वाटेला जाऊच नका. साधा धूळ अडवणारा मास्क इथे काहीही कामाचा नाही.

वाळवण्याची घाई असेल तर साधारण चाळीस अंशांची सौम्य ऊब चालते. हेअर ड्रायर मात्र दूर ठेवा. मॉडेलचं प्लास्टिक, पॉलिस्टायरीन, शंभर अंशांच्या सुमारास मऊ पडतं आणि टपाचे बारीक खांब त्याआधीच वाकायला लागतात.

घासायला पुरेसा थर हवा

घासाई म्हणजे शेवटी थर खरवडणं. खरवडायला काही असायला हवं. एकरंगी, म्हणजे चमकी नसलेला रंग असेल आणि त्याचे भरपूर हात दिलेले असतील, तर क्लिअरशिवायही तो पॉलिश करता येतो. मेटॅलिक आणि पर्ल रंगांना ही सोय नाही. त्यांतल्या चमकीचे कण थरात आडवे पसरलेले असतात. वरून कागद फिरला की ते कापले जातात आणि तिथे काळपट डाग उमटतात. ते पॉलिशने जात नाहीत. मेटॅलिकवर क्लिअर हवंच.

क्लिअरचे पहिले दोन हात धुक्यासारखे विरळ मारावेत आणि त्यावर तीन-चार ओले. डिकल्स (गाडीवर चिकटवायची पातळ छापील चित्रं) असतील तर विरळ हात टाळूच नयेत. तामिया या मॉडेल कंपनीच्या टीएस-१३ सारखं लॅकर क्लिअर डिकलवर एकदम ओलं बसलं, तर डिकल सुरकुततो किंवा विरघळतो. पट्ट्यांचे आणि आकड्यांचे डिकल क्लिअरखाली पूर्ण बुडवायचे असतील, तर त्यांच्या जाडीइतका थर वर चढेपर्यंत क्लिअर द्यावं लागतं. त्याचवेळी थर इतकाही जाड नको की दारांच्या फटी भरून जातील आणि नक्षी बोथट होईल. यावर चांगला उपाय रंगाच्याही आधीचा आहे: प्रायमर (रंगाखालचा पहिला थर) मारण्यापूर्वी दारं, बॉनेट आणि डिकीच्या रेषा स्क्रायबरने, म्हणजे कोरायच्या टोकदार अवजाराने, थोड्या खोल करून घ्या. मग वरून पाच-सहा थर चढले तरी रेषा जिवंत राहते.

रंग मारतानाच दोन प्लास्टिकच्या चमच्यांवर तेच प्रायमर, तोच रंग आणि तेच क्लिअर, तितकेच हात मारून ठेवा. पुढची प्रत्येक पायरी आधी चमच्यावर करून पाहायची. किती दाबलं की थर फुटतो हे हाताला तिथे कळतं, आणि चमच्याच्या पाठीचा बाक मडगार्डच्या बाकाशी चांगला जुळतो.

सामान

वॉटर पेपर (ओला करून वापरायचा घासकागद) २०००, २५०० आणि ३००० चे; आकडा जितका मोठा तितका कागद बारीक. पोत फारच जाड असेल तर १५०० चा एक तुकडा. मायक्रो-मेश या बारीक घासतुकड्यांचा संच असेल तर उत्तमच. त्यात १५०० ते १२००० असे नऊ दर्जे येतात. मात्र त्यांचे आकडे वॉटर पेपरच्या आकड्यांशी जुळत नाहीत. मायक्रो-मेशचं १५०० हे त्याच आकड्याच्या वॉटर पेपरपेक्षा बरंच खरखरीत असतं. क्लिअरवर ३२०० किंवा ३६०० पासून सुरुवात करा, त्याखालचे तुकडे इतर कामांसाठी ठेवा.

पॉलिशसाठी तामियाची कोर्स (जाड), फाइन (बारीक) आणि फिनिश (सगळ्यात बारीक) ही तीन कंपाऊंड मॉडेलच्या रंगासाठीच बनवलेली आहेत आणि ती पुरतात. खऱ्या गाडीचं जाड रबिंग कंपाऊंड मी वापरत नाही. ते मुळात जाड, कडक थरासाठी असतं आणि मऊ लॅकरमध्ये खोल चरे पाडतं. टूथपेस्टचा सल्ला बराच फिरतो, पण तिच्यातला घासणारा कण किती जाड आहे हे ट्यूबवर लिहिलेलं नसतं. इतक्या मेहनतीच्या रंगावर असा जुगार कशाला?

याशिवाय मऊ मायक्रोफायबर कापडाचे तुकडे (प्रत्येक कंपाऊंडला वेगळा, कोपऱ्यावर मार्करने नाव घातलेला), चांगली मास्किंग टेप, पाण्याचा वाडगा, भांडी घासायच्या लिक्विड साबणाचा थेंब, टूथपिक्स, मऊ ब्रश आणि एक टॉर्च. टॉर्च चैनीची गोष्ट नाही. खोलीच्या पसरलेल्या उजेडात बारीक चरे लपतात, एका बिंदूतून येणाऱ्या तिरप्या उजेडात ते कोळ्याच्या जाळ्यासारखे चमकून वर येतात.

आधी सौम्य उपाय करून पाहा

कागद हातात घेण्यापूर्वी बॉडी साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन वाळवा आणि बॉनेटच्या नाण्याएवढ्या भागावर फाइन कंपाऊंड फिरवून बघा. प्रतिबिंबाची कड तेवढ्यानेच सरळ होत असेल तर घासाईची गरजच नाही, थेट पॉलिशला लागा. चमक आली पण खालचा पोत तसाच राहिला, तर मात्र कागद लागणार. क्लिअरमध्ये धुळीचे एक-दोन कण अडकले असतील तर सगळी बॉडी घासू नका. कागदाचा लहानसा तुकडा पेन्सिलच्या मागच्या रबरावर चिकटवा आणि फक्त तो कण सपाट करा.

ओली घासाई

सगळ्या कामाचा जीव या टप्प्यात आहे, म्हणून इथे वेळ द्या.

घासण्याआधी सगळ्या धारदार कडांवर मास्किंग टेपची बारीक पट्टी लावा: दारांच्या कडा, मडगार्डचा उभार, बॉनेटवरची घडी, खिडक्यांच्या चौकटी. ओला रंग धारेवरून दोन्ही बाजूंना ओढला जातो, त्यामुळे कडेवर थर सगळ्यात पातळ असतो. आणि कागदाचा दाबही नेमका तिथेच जास्त पडतो. रंग फुटतो तो जवळजवळ नेहमी कडेवर.

कागदाचे दोन सेंटिमीटरचे तुकडे कापून दहा मिनिटं साबणाच्या पाण्यात भिजत ठेवा. सपाट भागासाठी तुकडा लवचिक स्पंजच्या पट्टीवर गुंडाळा. नुसत्या बोटाने घासलं तर दाब बोटाच्या टोकावर एकवटतो आणि पृष्ठभागावर पन्हळी पडतात. २००० पासून सुरुवात करा. हात हलका, कागदाच्या वजनाला किंचित आधार दिल्याइतकाच दाब. गोल गोल न फिरवता सरळ रेषेत, लहान लहान घाव. दर आठ-दहा घावांनी कागद पाण्यात बुडवा आणि पृष्ठभाग पुसून पाहा. अडकलेला एक खडा सगळ्या टपावर लांब चरा ओढून जातो.

पुसून वाळल्यावर काय दिसतं ते नीट बघायला शिका. घासलेला भाग एकसारखा दुधाळ, मॅट दिसतो. त्यात इकडेतिकडे चमकणारे बारीक ठिपके राहिलेले असतात. ते ठिपके म्हणजे ऑरेंज पीलचे खड्डे, जिथे कागद अजून पोहोचलेलाच नाही. घासत जाल तसे ते आक्रसतात, तुटतात आणि शेवटी नाहीसे होतात. सगळा भाग एकसारखा मॅट झाला म्हणजे पृष्ठभाग सपाट झाला. कडेजवळच्या एखाद्या हट्टी ठिपक्याच्या मागे मात्र लागू नका. तो तसाच सोडलेला बरा. पॉलिशनंतर तो कुणाला दिसत नाही, उघडा पडलेला प्रायमर मात्र सगळ्यांना दिसतो.

दुसरी खूण पाण्यात मिळते. घासताना निघणारा गाळ पांढरट असेल तर तुम्ही क्लिअरमध्येच आहात. त्यात गाडीच्या रंगाची छटा दिसली की क्षणात थांबा: क्लिअर संपलं, आता रंग निघतोय. वाडग्यातलं पाणी त्यासाठी स्वच्छ ठेवायचं आणि पुसायचं कापड पांढरं घ्यायचं. क्लिअर न दिलेल्या एकरंगी थरात ही खूण मिळत नाही. तिथे रंग पहिल्यापासूनच निघत असतो, म्हणून प्रायमरची छटा दिसण्याकडे लक्ष ठेवावं लागतं.

२००० चं काम झालं की बॉडी धुवा, पाणी बदला आणि २५०० घ्या. या वेळी दिशा बदला. आधी लांबीला घासलं असेल तर आता रुंदीला. आधीच्या दर्जाचे सगळे चरे गेले की नाही हे आडव्या रेषांमध्ये उभी रेष शोधून लगेच कळतं. मग ३००० ने पुन्हा लांबीला. २००० च्या कागदाचा कण सुमारे दहा मायक्रॉनचा असतो आणि दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रॉन. चरे त्या मापाच्या जवळ येईपर्यंत डोळ्याला धुरकटपणा जाणवतच राहणार. म्हणूनच मधला दर्जा गाळून उडी मारता येत नाही. २००० चा राहिलेला एक चरा काढायला शेवटच्या पॉलिशने तासभर चोळलं तरी तो हटत नाही.

सगळं झालं की टेप काढा आणि कडांवरून ३००० चा झिजलेला, जुना तुकडा एक-दोनदाच, अगदी अलगद फिरवा.

कंपाऊंड

आता बॉडी पूर्ण मॅट आणि बघायला उदास दिसते. घाबरू नका, ती तशीच दिसायला हवी.

कापड बोटावर ताणून घ्या, त्यावर मुगाच्या दाण्याएवढं कंपाऊंड. ३००० पर्यंत नीट घासलं असेल तर कोर्सऐवजी फाइनपासूनच सुरुवात करून पाहा; जमलं तर तेवढा थर वाचला. एका वेळी एकच पॅनल घ्या. आधी लहान वर्तुळात, शेवटी सरळ रेषेत. सुरुवातीला कापड किंचित अडखळतं. कण बारीक होत जातात तसं ते घसरू लागतं आणि कापडाखालून चमक उगवते. कंपाऊंड सुकू देऊ नका. कोरडं पडलं तर पाण्याचा एक थेंब टाका.

पॅनल बोटाला गरम लागू देऊ नका. घर्षणाने लॅकर मऊ होतं आणि कापडाचे धागे त्यात छापले जातात. याच कारणाने फिरत्या मशीनवरचा पॉलिशिंग पॅड मी मॉडेलवर लावत नाही. हाताने दहा मिनिटं जास्त लागतात, पण कड फुटायच्या आत हाताला कळतं, मशीनला कळत नाही.

फाइननंतर बॉडी धुवा. ती न धुता फिनिश लावलं तर जुनेच कण फिरत राहतात. मग नव्या कापडावर फिनिश, जवळजवळ दाब न देता. टॉर्च तिरपी धरून बघा: बल्बभोवती गोल गोल बारीक रेषांचं वलय दिसत असेल तर फिनिशचा आणखी एक हात. काळ्या आणि गडद निळ्या गाडीला हे दोन-तीनदा करावं लागतं. पांढऱ्या आणि चंदेरी गाडीत तेवढं कुणाला दिसत नाही, तिथे उगाच थर झिजवू नका.

फटींमधली पांढरी घाण

दारांच्या रेषांत, बॅजच्या भोवती आणि वायपरच्या खाचांत कंपाऊंड साठतं आणि वाळून पांढरं होतं. गडद गाडीवर ते फारच उठून दिसतं. वाळायच्या आधीच कोमट साबणपाण्यात मऊ ब्रशने बॉडी धुवा. तरी राहिलं तर टूथपिकचं टोक दाताने चावून जरा मऊ करा, ओलं करा आणि रेषेतून ओढा. सुई किंवा ब्लेड नको. घासण्याआधीच फटी मास्किंग टेपने झाकल्या, तर हे काम निम्म्यावर येतं.

पॅनल लाइन वॉश (रेषांत उतरवायचा पातळ गडद रंग) द्यायचा असेल तर तो या धुण्यानंतर आणि वॅक्सच्या आधी. वॅक्सवर वॉश नीट पसरत नाही, थेंबाथेंबाने गोळा होतो.

वॅक्स: कधी आणि किती

वॅक्सबद्दलचा सगळ्यात महत्त्वाचा नियम क्रमाचा आहे. वॅक्स लागलेल्या पृष्ठभागावर रंग, डिकल, फॉइल किंवा गोंद यांपैकी काहीही नीट धरत नाही. बऱ्याच वॅक्समध्ये सिलिकोन असतं. त्याचा अंश राहिला तर वरून मारलेला रंग माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे सोडून मागे सरतो. म्हणून खिडक्यांच्या काळ्या कडा रंगवून, बेअर-मेटल फॉइल (क्रोमच्या पट्ट्यांसाठीचा पातळ चिकट धातूचा पत्रा) लावून आणि आरसे, दिवे, बॅज चिकटवून झाल्यावरच वॅक्सची डबी उघडा. रंगकामाच्या टेबलावर ती ठेवूही नका.

कार्नोबा वॅक्स ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळतं. नैसर्गिक मेणांत ते सगळ्यात कडक मेणांपैकी एक, ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळणारं. रंगाला ते किंचित खोली देतं, गडद लाल आणि काळ्यावर ते छान दिसतं. सिंथेटिक सीलंट जास्त टिकतं, पण शोकेसमधल्या गाडीला ऊन-पाऊस लागत नसल्याने टिकाऊपणाचा तसा फायदा नाही. दोन्हींत निवड आवडीची. फक्त ‘क्लीनर वॅक्स’ घेऊ नका. त्यात घासणारे कण असतात आणि फिनिश कंपाऊंडनंतर पुन्हा चरे पाडण्यात काही हशील नाही.

लावायचं अगदी पातळ. कापडावर वॅक्स जेमतेम दिसेल इतकं, एका वेळी एक पॅनल, फटींपासून दूर. धुरकट झालं की स्वच्छ कापडाने अलगद पुसा. जाड लावल्याने चमक वाढत नाही, फक्त पुसताना हात जास्त चालवावा लागतो आणि आरसे तुटतात. मॅट काळे बंपर, कापडी छत आणि रबरी पट्ट्या झाकून ठेवा, त्यांच्यावर वॅक्सचे डाग चमकतात.

थर फुटलाच तर

कडेवर प्रायमर दिसला तर लगेच घासणं थांबवा. वॅक्स लागलेलं नसेल तर दुरुस्ती सोपी आहे. ठिपक्याएवढं असेल तर बारीक ब्रशने तोच रंग दोन-तीन पातळ थरांत टेकवा, आठवडाभर वाळू द्या आणि नुसत्या फिनिशने मिसळा. मेटॅलिकवर ब्रशचा डाग दिसतोच. तिथे ते पॅनल रेषांपर्यंत मास्क करून पुन्हा रंग आणि क्लिअर मारणं हाच खरा मार्ग. क्लिअर फुटलं पण रंग शाबूत असेल, तर सगळ्या बॉडीवर क्लिअरचे दोन हात पुन्हा द्या आणि घासाई २५०० पासून करा.

तयार डायकास्ट (ओतीव धातूच्या) गाड्यांवर हे सगळं जपून. त्यांवरची छापील चिन्हं आणि अक्षरं बहुधा रंगाच्या वर असतात, कंपाऊंडच्या एका हातात पुसली जातात. तिथे अक्षरं टेपने झाकून फिनिश आणि मग वॅक्स, एवढंच.

नंतरची निगा

पॉलिश केलेली गाडी कोरड्या कापडाने पुसू नका. धुळीचा प्रत्येक कण तिथे कागदाचंच काम करतो. मेकअपच्या मऊ ब्रशने धूळ झटका, बोटांचे ठसे किंचित ओलसर मायक्रोफायबरने टिपा आणि उचलताना चाकांना किंवा तळाला धरा. थेट उन्हात ठेवू नका, विशेषतः लाल रंग आणि इनॅमल क्लिअर दिलेली पांढरी गाडी: लाल फिका पडतो, पांढऱ्यावर पिवळसर झाक येते. झाकणाच्या पेटीत ठेवलेल्या गाडीला वॅक्सचा दुसरा हात सहसा लागतच नाही. उघड्या फळीवरच्या गाडीला तो तेव्हाच द्या, जेव्हा धूळ झटकल्यावरही बॉनेट मंद दिसतं. आणि तोही आधी ओलसर कापडाने पुसून, पूर्ण वाळल्यावर.